चार वाजून दहा मिनिटांची घंटी

पांढुर्णा
११ ऑगस्ट २०२५

चंचल,

विषय: घरच्या फोनबाबत.

सवयीने विषय लिहिला गेला, तो आता खोडत नाही. बत्तीस वर्षे तहसीलमध्ये हिंदीतून कागद लिहिले. मुलीला पत्र कसे सुरू करतात ते आठवत नाही. वर आशीर्वाद लिहायचा असतो हे माहीत आहे. तो लिहिण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही हे ठरले नाही, म्हणून तेवढी जागा सोडली आहे.

बोरगावचा पत्ता शेजारच्या शीतलने दिला. म्हणाली, "काका, पत्र? मी मोबाइल लावून देते ना. दोन मिनिटांत चंचल डोळ्यासमोर." मी म्हटले, राहू दे. तर म्हणते, "तासाभराच्या रस्त्यासाठी पत्र पाठवून राहिले तुम्ही. पोस्टमन बी हसन तुम्हाले." तिचे बोलणे तुला माहीतच आहे.

कळवायचे ते असे. जुलैच्या पावसात आपल्या गल्लीतली तांब्याची लाइन पडली. ऑफिसने सांगितले की ती आता उभी होणार नाही, पाहिजे तर नेटवरचा फोन घ्या. लाइनमन कवडू तुला आठवत असेल, सावरगावचा, तोंडात पान ठेवून बोलतो. तो आता ठेकेदाराकडे काम करतो. २८ तारखेला त्याने खांबावरून एक बारीक तार ओढली आणि भिंतीला भोक पाडून आत घेतली. म्हणाला, "बाबूजी, हे तार नोहे. काच हाय काच. वाकवू नका, मोडू नका. आता तुमचं बोलनं काचेतून जाईन."

नेट आणि फोन मिळून जुन्या भाड्यापेक्षा थोडेच जास्त पडते, आणि देशात कुठेही कितीही वेळ बोलले तरी त्याचे वेगळे पैसे नाहीत. मी म्हटले, मला कोणाशी बोलायचे आहे? तो म्हणाला, "मंग बोलू नका जी. पन फुकट हाय."

भिंतीवर पांढरा डबा आहे, त्यात हिरवे दिवे लागतात. डब्याच्या पाठीमागून फोनची तार निघते. नव्या फोनला लहान पडदा आहे, त्यावर येणारा नंबर दिसतो. वीज गेली की हा फोन मरतो. जुना मरत नव्हता. म्हणून कवडूने नंतर डब्याला छोटी बॅटरी जोडून दिली. तो म्हणत होता की नवा नंबर घ्या, लवकर मिळते. मी म्हटले, नंबर तोच पाहिजे. त्यासाठी वेगळा अर्ज दिला आणि आठ दिवस थांबलो.

आजी तशीच आहे. उजवी बाजू गेलेली, जीभ जड. तुझी आई होती तोपर्यंत आजीचे सारे तीच करायची, मला फक्त औषधाची वेळ माहीत होती. आता दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. किराण्याच्या दुकानापर्यंत जायचे तर बाहेरून कडी लावून जातो आणि लगबगीने परत येतो. दोन महिन्यांत स्टेशनच्या पलीकडे गेलो नाही. खाट, ओटा, न्हाणी आणि फोन, एवढ्यातच दिवस संपतो.

मुख्य मुद्दा राहिला. मागच्या आठवड्यात तुझ्या बाजूने या नंबरवर फोन लागला नसेल, तर ते यंत्रातील कारणाने झाले आहे. कोणी मुद्दाम केले असा समज करून घेऊ नये.

देवीदास भिवाजी कळंबे


पांढुर्णा
१६ ऑगस्ट २०२५

चंचल,

उत्तर आले नाही. मध्ये पंधरा ऑगस्टची सुट्टी आली, त्यामुळेही असेल.

मागच्या पत्रात यंत्रातील कारण असे लिहिले. ते बरोबर नाही. यंत्र चांगले आहे. तुझा नंबर मी बंद करवला. तो तुझा आहे हे मला माहीत नव्हते.

निवृत्त होऊन घरी बसलो तेव्हापासून माझी एकच तक्रार होती. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी फोन एकदा वाजायचा आणि गप्प व्हायचा. रविवार सोडून रोज. तीन वर्षांत मी एकोणीस अर्ज दिले, फाइल माझ्याजवळ आहे. प्रत्येकात एकच वाक्य आहे: घंटी एक बार बजकर बंद हो जाती है, कृपया लाइन दुरुस्त की जाए. कवडू यायचा, खांबावर चढायचा, तार बदलायचा, डबी उघडून पाहायचा. तुझी आई त्याला चहा द्यायची आणि माझ्या देखत म्हणायची, "पाहा बरं कवडूभाऊ, कुठी खराबी हाय ते. यायले रात्री झोप नाही येत." आणि तिथूनच शीतलकडे ब्लाऊजला हुक लावायला निघून जायची.

नवा फोन बसला तेव्हा मला वाटले, आता हे थांबेल. दुसऱ्याच दिवशी चार दहाला घंटी वाजली. एक. या वेळी पडद्यावर नंबर आला. पाच दिवस तोच नंबर, तीच वेळ. शनिवारी कवडू बॅटरी जोडायला आला तेव्हा त्याला दाखवले. म्हणाला, "फसवनारे असते जी हे. एक घंटी देते, आपन उलट लावला का फसलो. बंद करून देऊ काय?" मी म्हटले, कर. त्याने चार बटणे दाबली. झाले.

सोमवारपासून घरात शांतता होती. गुरुवारी मी आजीला मऊ भात भरवत होतो. तिने तोंड मिटून घेतले आणि घड्याळाकडे पाहत राहिली.

"वाजली नाही," म्हणाली.

मी विचारले, काय वाजली नाही?

"पोरीची घंटी. चार दिस झाले. चंचल मेली का रे?"

तिचे सगळे बोलणे मला समजत नाही. हे समजले.

उरलेले शीतलने भिंतीवरून सांगितले. सात वर्षांपूर्वी तुझ्या साक्षगंधाच्या दिवशी साठ पाने मांडलेली होती, सौसरचे मुलाकडचे पाहुणे येऊन बसले होते, आणि तू विनोदबरोबर छिंदवाड्याला कोर्टात लग्नाची सही करत होतीस. मी साऱ्यांसमोर म्हणालो होतो की आजपासून या घरात तिचा आवाज येणार नाही. तुझी आई त्यावर काहीच बोलली नव्हती. मी समजलो, तिने मान्य केले.

शीतल म्हणाली, "यमुनाकाकू म्हने, यायचा शब्द मले मोडायचा नाही. आवाज येनार नाही म्हनले ना? मंग घंटी कुठी आवाज हाय? चंचलची घंटी झाली का मी येते तुह्याकडे. मंग इथी बसून मोबाइलवर बोलत मायलेकी. हसत का बापा, माही शिलाई बंद पडे."

चार दहा ही तुझ्या कामावरच्या चहाच्या सुट्टीची वेळ, हेही तिनेच सांगितले. म्हणजे तिने माझा शब्द सात वर्षे तंतोतंत पाळला आणि त्यातूनच वाट काढली. आजीलाही सारे ठाऊक होते. घरात तिघे होतो, त्यातल्या दोघी ती घंटी ऐकायच्या आणि मी अर्ज लिहायचो.

नंबर परत सुरू करायला मी स्वतः बटणे दाबून पाहिली. त्यात पडद्यावरची अक्षरे चिनी का कसली झाली आणि आता काहीच वाचता येत नाही. कवडू सौसरकडे कामाला आहे. फोन केला तर म्हणतो, "पोळा होऊन जाऊ द्या बाबूजी, मंग येतो." तोपर्यंत तुझा फोन लागणार नाही. मला तो बंद ठेवायचा नाही, पण तो बंद आहे. शीतल मोबाइलवर सांगते म्हणाली, मी म्हटले, हे मलाच सांगू दे. एवढे तुला कळावे म्हणून हे पत्र.

देवीदास


पांढुर्णा
२७ ऑगस्ट २०२५

चंचल,

रविवारी कवडू आला. कपाळाला पट्टी होती. आदल्या दिवशी गोटमार झाली, नदीच्या दोन्ही काठांवरून पांढुर्णा आणि सावरगावचे दगड चालले. मी म्हटले, कवडू, या वयात? तर म्हणतो, "सावरगावचा मानूस त्या दिवशी घरी बसन काय? गोटा पांढुर्ण्याचा लागला, आन् पट्टी बी पांढुर्ण्यातच बांधली. हिसाब बराबर."

त्याने पडदा पहिल्यासारखा केला आणि यादीतून तुझा नंबर काढला. मग विचारले, "पन बाबूजी, फसवनाऱ्याले काहून खोलून राहिले?"

मी म्हटले, "माझी मुलगी आहे."

सात वर्षांत हे वाक्य या घरात बोललो नव्हतो. कवडूने फोन खाली ठेवला. मग म्हणाला, "मंग मी एकोनीस डाव खांबावर चढलो ते?"

मी म्हटले, हो.

"काकूनं एकदा बी सांगतलं नाही जी. चहात साखर मात्र ज्यादा टाकत." मग पान थुंकायला बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

सोमवारी चार वाजल्यापासून मी फोनजवळ बसलो. वाजली नाही. मंगळवारी वाजली नाही. आज गल्लीत गणपती आले, ढोल होता. घंटी ऐकू येणार नाही म्हणून खिडक्या लावून घेतल्या. आजीला घाम आला तरी उघडल्या नाहीत. वाजली नाही.

तू इतके दिवस लावून पाहिला असशील आणि दर वेळी तो लागला नसेल. तुझ्या बाजूने त्याचा अर्थ एकच निघतो, हे मला समजते.

तुझा नंबर माझ्या वहीत आहे. रोज लावायला बसतो. नऊ आकडे दाबतो. दहावा दाबला जात नाही. लावला तर पहिल्यांदा काय म्हणायचे, हे कुठे शिकलो नाही. बाहेर पडून बोरगावला यावे तर आजीला कोणावर सोडू? आणि खरे सांगायचे तर आजी नसती तरी मी निघालो असतो का, याची मला खात्री नाही. आजीचे कारण मला सोयीचे पडते.

मागच्या पत्रात लिहिले की नंबर तुझा आहे हे मला माहीत नव्हते. तेही पूर्ण खरे नाही. मी बत्तीस वर्षे लोकांची हजेरी पाहिली. कोण किती वाजता उठून कुठे जातो हे माझ्या नजरेतून सुटत नसे. घंटी चार दहाला आणि तुझी आई चार वाजून बारा मिनिटांनी दाराबाहेर, हे तीन वर्षे रोज माझ्या डोळ्यांसमोर होते. मी विचारले नाही. विचारले असते तर तिने खरे सांगितले असते आणि मग मला काहीतरी करावे लागले असते. अर्ज देणे सोपे होते.

ती गेल्यावरही घंटी येत राहिली. आई नाही हे तुला ठाऊक होते, तरी तू घंटी देत होतीस. मग ती कोणासाठी होती? हेही मी दोन महिने स्वतःला विचारले नाही. कवडूला म्हटले, कर बंद.

आणखी एक आहे. ते लिहायचे नव्हते.

तेरवी झाल्यावर शीतलने मला सांगितले की मौतीच्या दिवशी तू आली होतीस. मी म्हटले, असे का, मला दिसली नाही. मला दिसली होतीस. अंगणात बाया रडत होत्या. तू फाटकाजवळ, आत नाही आणि बाहेर नाही, अशी बसली होतीस. तोंडात पदर कोंबलेला होता. तुझे खांदे हलत होते आणि आवाज येत नव्हता. दुसऱ्या गावच्या, नात्यातही न बसणाऱ्या बाया तुझ्या आईसाठी मोठ्याने रडून गेल्या, आणि तू तिची एकुलती एक मुलगी माझ्या शब्दाखातर तोंड दाबून बसलीस. मी पाहिले. मला उठून तुझ्यापर्यंत यायला वीस पावलेही लागली नसती. मी लाकडे मोजून घ्यायला गेलो. लाकडे मोजायला तिथे चार माणसे होती.

एक विनंती आहे. विनंती हा शब्द अर्जातला आहे, पण दुसरा सुचत नाही.

पुन्हा कधी फोन लावलास, तर एक घंटी देऊन तोडू नकोस. आजीच्या खाटेपासून फोनपर्यंत अकरा पावले आहेत, आणि पुष्कळदा माझा हात तिच्या पाठीखाली असतो. तुझ्या आईला उचलायचा नव्हता, तिला एक पुरत होती. मला उचलायचा आहे. एका घंटीत मी पोहोचत नाही.

वाजू दे.

देवीदास


पांढुर्णा
३ सप्टेंबर २०२५

चंचल,

आशीर्वाद.

काल फोनवर जे बोलायचे राहिले ते लिहून पाठवतो.

चार वाजता वीज गेली होती. डब्याचे दिवे बॅटरीवर होते, मी दर दोन मिनिटांनी ते पाहत होतो. मग आजीची कूस बदलायची वेळ झाली. तिचे डोके माझ्या दंडावर होते तेव्हा घंटी वाजली. एक. मी थांबलो. आजी म्हणाली, "आली." दुसरी वाजली. तिसरी वाजली. मी तिला उशीवर टेकवले. माझ्या चपलेचा अंगठा अडकला, ती तिथेच सोडली. पाचवी वाजली. सहावीला रिसीव्हर उचलला.

आणि मी म्हणालो, "कौन बोल रहे हैं?"

तहसीलच्या फोनवर बत्तीस वर्षे हेच म्हटले. तोंडाला तेवढेच येते. मला वाटले, आता ठेवशील.

तू म्हणालीस, "चंचल बोलते."

तुझा आवाज आईसारखा झाला आहे. हे मला कोणी सांगितले नव्हते. "थांब, आजीला देतो," एवढेच म्हणालो. तार खाटेपर्यंत पोहोचत नाही, म्हणून कवडूने दाखवलेले स्पीकरचे बटण दाबले.

तू म्हणालीस, "आजी, जेवली का वं?"

तो आवाज फोनमधून निघून साऱ्या घरात झाला. ओट्यावर, न्हाणीत, तुझ्या आईच्या फोटोपाशी. आजीने भोकाड पसरले. मग तूही रडलीस. मोठ्याने. जूनमध्ये फाटकाजवळ दाबून ठेवलेले ते काल तुझ्या तोंडून निघाले, असे मला वाटले. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. स्पीकर बंद केला नाही, आवाज कमी करण्याचे बटण माहीत आहे तेही दाबले नाही. बॅटरी टिकली.

तुम्ही दोघी बोलत होतात तोवर मी तसाच उभा राहिलो. नंतर शीतल भिंतीवरून म्हणाली, "काका, चंचलचा आवाज माह्या घरापर्यंत आला." मी म्हटले, येऊ दे.

आता तुझ्या साक्षगंधाच्या दिवशी मी जे बोललो त्याबद्दल. तहसीलमध्ये तोंडी दिलेला हुकूम लेखी कागदाने रद्द होत असे. हा तो कागद समज. खाली सही करतो. घर तुझे आहे. विनोदला घेऊन ये. मी बाहेर पडू शकत नाही, ते काही बदललेले नाही. आजीची दर दोन तासांची कूस, बाहेरून कडी, सारे तसेच आहे. दुपारी ये, म्हणजे तिचे आवरलेले असते.

येईपर्यंत फोन कर. चार दहाला मी फोनजवळच असतो. आता मी कौन बोल रहे हैं असे विचारणार नाही. काय विचारायचे ते अजून ठरले नाही. तू आजीला विचारलेस तेच विचारीन बहुतेक.

जेवलीस का?

बाबा